घरधनी फील्डला गेल्यावर: फौजी कुटुंबानं दुराव्याचा ताण कसा पेलायचा

सातारा, कोल्हापूर, सांगली, नगर या पट्ट्यात ज्या गावातलं कुणीच मिलिटरीत नाही असं गाव सापडणं अवघड. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक ओळखतातच अपशिंगे मिलिटरी म्हणून. भरतीची तयारी कशी करायची हे सांगणारे इथं गल्लोगल्ली भेटतात. पण माणूस भरती झाल्यावर मागे राहिलेल्या घरानं दिवस कसे काढायचे, हे नीट बसून सांगणारं फारसं कुणी भेटत नाही. नवीन लग्न झालेल्या मुलीला सगळे एवढंच ऐकवतात, "फौजीची बायको आहेस, खंबीर राहा." खंबीर राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते कुणी बोलत नाही.

मी स्वतः फौजीची बायको. आमचे हे सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आणि आता आसपासच्या गावांतल्या मुली काही अडलं की माझ्याकडे येतात. त्यांचं ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. माणूस जवळ नसल्याचं दुःख असतंच, त्याला इलाज नाही. पण घर आतून पोखरलं जातं ते अधांतरी सोडलेल्या गोष्टींमुळे. पैसे कुणाच्या हातात, निर्णय कुणी घ्यायचा, फोन लागला नाही तर काय समजायचं, कुठला कागद कुठं आहे, यातलं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून या लेखात धीराच्या शब्दांपेक्षा कामाच्या गोष्टी जास्त आहेत.

पायरी १: दुरावा केवढा आहे ते आधी समजून घ्या

पीस पोस्टिंग, म्हणजे शांत भागातल्या छावणीत नेमणूक, असेल तर क्वार्टरचा नंबर लागला की फॅमिली नेता येते. फील्डला, म्हणजे सीमेवर किंवा दुर्गम भागात, नेता येत नाही, आणि फील्डची मुदत बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांची असते. काही छावण्यांमध्ये फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी वेगळी क्वार्टर्स असतात. मुलांच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी तिथं राहायचं असेल तर अर्ज लवकर द्यायला सांगा, कारण यादी लांब असते.

जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी असते. अग्निवीराला वर्षाला ३० दिवस. पण ती कधी मिळणार हे युनिटच्या कामावर ठरतं, आणि अर्ध्यातून परत बोलावलं तर जावं लागतं. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी घरी आलेल्या कितीतरी जणांना बॅग भरून निघावं लागलं होतं.

तेव्हा निघण्यापूर्वी त्यांना तीनच गोष्टी विचारा: साधारण किती महिने, फोनची सोय कशी, आणि पुढची सुट्टी कोणत्या महिन्याच्या आसपास. नेमकी जागा विचारू नका, ती त्यांनी सांगायचीही नसते. उत्तरं कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहा, आणि तारीख न लिहिता महिना लिहा. "दिवाळीला येतो" हा शब्द मुलांना तर कधीच देऊ नये. दिवाळी मोकळी गेली की मूल बापावर रुसतं, आणि बाप तिकडे स्वतःला दोष देत बसतो.

पायरी २: कागद सुट्टीतच पुरे करा

सुट्टीचा पहिला आठवडा पाहुण्यांत जातो, मधले दिवस शेतात आणि लग्नकार्यांत, शेवटचा आठवडा रडण्यात. कागदांसाठी मधले दोन दिवस राखून ठेवा. पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद युनिटकडून पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवा-नोंदी बदलणाऱ्या लेखी आदेशात, व्हावी लागते. ती झाली नाही तर सैन्याच्या दप्तरी तुम्ही त्यांच्या कुटुंबात नाहीच. मग डिपेंडंट कार्ड (कुटुंबाचं ओळखपत्र) अडतं, मिलिटरी हॉस्पिटल अडतं, कॅन्टीनचं कार्ड अडतं.

आपल्याकडे यात एक खास घोळ होतो. लग्नात मुलीचं नाव बदलतात. आधार कार्डावर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच, आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये कारकुनानं ऐकून लिहिलेलं चौथं. पूनमची पौर्णिमा झालेली मी पाहिली आहे. मुलगी बाळंतपणासाठी हॉस्पिटलच्या खिडकीशी उभी असते आणि पलीकडचा माणूस म्हणतो, ही बाई वेगळी दिसते. चारही कागद पलंगावर शेजारी शेजारी मांडा आणि नावाचं एकेक अक्षर, जन्मतारीख, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जुळतंय का ते बोटानं वाचा. फरक असेल तर दुरुस्तीचं काम त्याच दिवशी सुरू करा. राजपत्रातली नावबदलाची नोंद, प्रतिज्ञापत्र, काय लागेल ते त्यांनी युनिटच्या ऑफिसातून विचारून घ्यावं.

नॉमिनीही बघा. बँक, भविष्य निर्वाह निधी आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्स या तिन्ही ठिकाणी लग्नाआधी भरलेलं आईवडिलांचं नाव तसंच राहून जातं. हा विषय काढायला बायकोला अवघड वाटतं, सासूसमोर तर फारच. म्हणून तो नवऱ्यानंच काढावा आणि आईवडिलांना समोर बसवून बोलावा. कुणाचा किती हिस्सा हे तुमच्या घरानं ठरवायचं आहे, फक्त ते सगळ्यांना ठाऊक हवं.

मग एका जाड वहीत लिहा: त्यांचा सैन्य क्रमांक, हुद्दा, युनिटचं नाव, पत्राचा पत्ता (५६ एपीओ किंवा ९९ एपीओ या सैन्याच्या टपाल कार्यालयाचा), युनिटच्या ऑफिसचा नंबर, त्यांच्या एखाद्या जवळच्या साथीदाराचा नंबर, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर. वही घरात ठेवा. तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

पायरी ३: कारभार कुणाकडे, हे सगळ्यांसमोर ठरवा

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच. पगार त्यांच्या खात्यात येतो. एटीएम कार्ड दिराकडे, पासबुक सासऱ्यांकडे, आणि मुलाच्या शाळेची फी भरायची तर सून पदर आवरून पैसे मागते. कुणी दुष्ट असतं असं नाही, घराची पद्धतच तशी पडलेली असते. पण वर्षभर दर महिन्याला मागत राहणारी बाई मनानं थकते, आणि तो सगळा थकवा फोनवर नवऱ्यावर निघतो. तो चौकीवर उभा असतो, त्याला काहीच करता येत नाही.

निघण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या मोठ्यांना बसवून त्यांनी स्वतः सांगावं. शब्द साधे असू द्यावेत: "आबा, दर महिन्याला घरखर्चाचे एवढे तुमच्या खात्यात येतील. एवढे हिच्या खात्यात, त्यातनं पोरांची शाळा आणि दवाखाना ही बघेल. मला फोन लागला नाही तर दवाखान्याचा निर्णय हिनंच घ्यायचा." शेवटचं वाक्य अजिबात विसरू नये. रात्री दोनला पोराला ताप चढलेला असतो, सासू म्हणते सकाळी बघू, सुनेला जायचं असतं, आणि नवरा नेटवर्कबाहेर असतो. अशा वेळी आधी सगळ्यांसमोर बोललेलं एक वाक्य उपयोगी पडतं.

निर्णयांचे तीन थर करा. रोजचे आणि तातडीचे निर्णय बायकोचे, विचारायची गरज नाही. ट्यूशन, किरकोळ कर्ज, घराची दुरुस्ती यांसारखे निर्णय फोनवर बोलून. जमीन, सोनं, मोठं कर्ज, कुणाला जामीन राहणं यांसारखं काहीही सुट्टी येईपर्यंत थांबेल. "साहेब लांब आहेत तोवर सही करून टाका" म्हणणारा कुणीही आला तर त्याला हा तिसरा थर दाखवा.

जमिनीचं थोडं सविस्तर सांगते, कारण फौजी बॉर्डरवर असताना बांध सरकतो हे आपल्याकडे जुनंच दुखणं आहे. सातबारा आणि फेरफार निघण्याआधी काढून बघा. नोटीस आली तर ती घ्या, तारीख वाचा, पाकीट जपून ठेवा. घाबरून नाकारू नका. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५ हा कायदा आजही आहे. विशेष परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाचा दिवाणी किंवा महसुली दावा त्याच्या गैरहजेरीत रेटून न नेता लांबणीवर टाकण्याची तरतूद त्यात आहे. त्यासाठी युनिटकडून प्रमाणपत्र लागतं. नोटिशीचा फोटो त्यांना पाठवा, ते कमांडिंग ऑफिसरकडून पत्र घेतील. इकडे तुम्ही वकिलाला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला सांगा. हे कार्यालय फक्त माजी सैनिकांचं आहे असा अनेकांचा समज असतो. सेवेत असलेल्यांच्या कुटुंबांनीही तिथं जायला काही हरकत नाही.

पायरी ४: निघायच्या आठवड्यातली भांडणं ओळखा

सुट्टीचे शेवटचे पाच-सहा दिवस घरात उगाच खटके उडतात. भाजीत मीठ जास्त, पिशवी कुठं ठेवली, तू सारखी माहेरी फोन करतेस. दोघांच्याही मनात निघायचा दिवस बसलेला असतो. जवळ राहून तुटण्यापेक्षा भांडून लांब होणं मनाला सोपं पडतं, म्हणून ते तसं वागतं. हे माहीत असलं तरी भांडण होईल, पण त्याचा अर्थ "आमचं पटत नाही" असा लावला जाणार नाही. शेवटच्या दोन दिवसांत पाहुणे नकोत, नवीन विषय नकोत, पैशांची बोलणी नकोत. ती सगळी आधीच उरका.

मुलं झोपेत असताना रात्रीच्या गाडीला निघून जाऊ नका. रडू नये म्हणून बरेच बाप तसं करतात. सकाळी मूल उठतं, घरभर बाबांना शोधतं, आणि पुढचे कित्येक दिवस झोपायला घाबरतं. जागं करा, सांगा, रडू द्या.

पायरी ५: पहिले पंधरा दिवस

घर रिकामं वाटतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, कधी उलट दिवसभर झोप येते. सासरी रडायचीही सोय नसते. या दिवसांत शरीर सांभाळा, मन मागून येईल. उठायची आणि झोपायची वेळ एकच ठेवा. दोन वेळचं जेवण पाटावर बसून, उभ्यानं नको. रोज अर्धा तास घराबाहेर पडा, मग ते शेतापर्यंत असो, देवळापर्यंत असो की मुलांना शाळेत सोडायला. आणि रोज एका माणसाशी घरकामाशिवायचं काहीतरी बोला.

ते माणूस दुसऱ्या फौजीची बायको असेल तर फार बरं. तिला समजावून सांगावं लागत नाही. छावणीत राहत असाल तर आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे सगळे जिला आवा म्हणतात, तिच्या बैठकांना जा. ती १९६६ पासून आहे, आणि तिथं शिवणकाम, संगणक, समुपदेशन असं बरंच चालतं. गावात असाल तर स्वतःच शोधा. तालुक्याच्या कॅन्टीनच्या रांगेत चार जणी भेटतातच.

स्वतःचं काहीतरी काम सुरू करा, निदान दुसऱ्या महिन्यापासून. राहिलेली पदवी, बचत गट, शिलाई, अंगणवाडीची परीक्षा, काहीही. ज्या मुलींनी हे केलं त्यांना मी सावरताना पाहिलंय. फोनकडे बघत बसलेली मुलगी मात्र महिनोन्‌महिने तिथंच राहते.

पायरी ६: फोनचे नियम

पूर्वी आंतर्देशीय पत्रावर भागायचं, ते पोचायला आठवडे लागायचे, आणि तेवढी वाट बघायची मनाला सवय असायची. आता सियाचीनवरही मोबाईलचं नेटवर्क पोचलंय. सोय मोठी आहे, पण तिनं एक नवा त्रास आणला. काल फोन आला होता, आज का नाही?

म्हणून निघण्याआधीच ठरवा की फोन न येणं ही वाईट बातमी नाही. गस्त असते, टॉवर बंद पडतो, बॅटरी थंडीत मरते, किंवा कामासाठी फोन जमा करायला सांगतात. किती दिवसांपर्यंत शांत राहायचं याचा आकडा दोघांनी मिळून ठरवा. ठरवताना नेटवर्कबद्दल ते जे सांगतील ते धरा, तुमच्या मनाला काय वाटतं ते नाही. तो आकडा उलटला तरच वहीतल्या साथीदाराच्या नंबरवर, मग युनिटच्या ऑफिसला फोन. त्याआधी दर तासाला मिस्ड कॉल देऊन काही होत नाही, फक्त तुमची छाती धडधडत राहते.

रोजचा फोन छोटा ठेवा: जेवलात का, मी बरी आहे, पोरं बरी आहेत. आठवड्यातून एकदा सवडीनं बोलणं. घरातल्या तक्रारी त्या मोठ्या फोनला, आणि त्यातही आधी विचारून: "अहो, एक बोलायचं होतं, आत्ता डोकं मोकळं आहे का?" ड्युटीवर उभं राहायच्या दहा मिनिटं आधी सासूशी झालेलं भांडण ऐकलं तर माणूस रात्रभर तेच घोळवत राहतो, आणि त्याच्या हातात हत्यार असतं.

पण सगळं लपवायचंही नाही. पुष्कळ घरांत "त्यांना कशाला काळजी" म्हणून वडिलांचं ऑपरेशनसुद्धा लपवतात. पुढं कधीतरी ते बाहेरून कळतंच. मग "सगळं ठीक आहे" या तुमच्या वाक्यावर त्यांचा विश्वास राहत नाही, आणि रोजच्या फोनचा आधारच जातो. आजार, अपघात, मोठं नुकसान हे सांगायचं, आणि सांगताना काय केलं तेही जोडायचं: "आप्पा पडले, हाड मोडलंय. साताऱ्याला नेलंय, भाऊजी सोबत आहेत, उद्या प्लास्टर. तुम्ही यायची आत्ता गरज नाही, लागली तर मी स्पष्ट सांगेन." एवढं ऐकल्यावर माणूस निदान झोपू शकतो.

भांडण झालं आणि फोन कट झाला, तर पुढचं बोलणं होईपर्यंत एक ओळ पाठवायची: "राग आहे, पण काळजी घ्या." हा नियम दोघांनाही.

लेखी पत्र मात्र सोडू नका. दोन महिन्यांतून एक पुरे. मुलाच्या हाताचा पेनानं काढलेला आकार, परीक्षेचा पेपर, शेतातल्या नव्या बोअरचा फोटो. पत्र खिशात राहतं आणि नेटवर्क नसताना उघडता येतं.

सुरक्षेचंही सांगायला हवं. युनिट कुठं आहे, केव्हा हललं, कुठल्या गाडीनं चालले आहेत, हे स्टेटसला टाकायचं नाही, आणि गणवेशातला मागचा परिसर दिसणारा फोटोही नाही. जुलै २०२० मध्ये सैन्यानं जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली होती, ती याच भीतीनं. "मी युनिटमधून बोलतोय, खातं अपडेट करायचंय" असं म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका. आधी वहीतल्या नंबरवर उलटा फोन करा.

पायरी ७: बातम्या चालू असताना

सीमेवर काही झालं की गावातला टीव्ही मोठा होतो आणि शेजारणी विचारायला येतात, "तुझे मालक तिकडंच ना?" मे २०२५ मध्ये चार दिवस घराघरांत हेच चाललं होतं. जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरत होते.

त्या दिवसांसाठी आधीच ठरवा. बातम्या दिवसातून दोन वेळा, वीस मिनिटं, मुलं समोर नसताना. फॉरवर्ड उघडायचे नाहीत आणि पुढं पाठवायचे तर मुळीच नाहीत. शंका आली तर सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकवर बघा. आणि एक गोष्ट मनात घट्ट ठेवा: जवानाला काही झालं तर सैन्य स्वतः घरच्यांशी संपर्क साधतं. ती खबर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बसून शोधायची नसते. विचारायला येणाऱ्यांसाठी एक वाक्य ठेवा, "बरे आहेत, कामावर आहेत", आणि दार लावून घ्या. हा उद्धटपणा नव्हे.

पायरी ८: मुलं

तीन-चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, बोबडं बोलतं, आईला चिकटून राहतं. ते नाटक करत नसतं. मारू नका, काही आठवड्यांत बहुधा सावरतं. प्राथमिक शाळेतलं मूल पोटदुखीच्या तक्रारी करतं किंवा वर्गात मारामारी करतं. वर्गशिक्षकांना आधीच जाऊन सांगा की वडील लांब गेलेत. बहुतेक शिक्षक समजून घेतात, पण कुणी सांगितलंच नाही तर मुलावर खोडकर असा शिक्का बसतो.

आठवी-नववीच्या मुलाचं वेगळं. त्याला आजूबाजूचे सांगतात, "आता घरचा पुरुष तू." चौदा वर्षांच्या पोरावर हे ओझं टाकू नका. कामं द्या, बँकेत बरोबर न्या, पण आईचं रडणं झेलणं हे त्याचं काम नाही.

"थांब, बाबा येऊ देत, त्यांना सांगते" ही धमकी तर घरातून हद्दपारच करा. जो माणूस वर्षातून दोनदा येतो, त्याच्या येण्याची मुलाला भीती वाटू नये. रागवायचं ते तुम्ही त्याच दिवशी रागवा, आणि बाबांच्या फोनवर मुलाचं चांगलं काय झालं तेच आधी निघू द्या.

गावात शाळेची सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींसाठी सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं आहेत. चौकशी शाळा सुरू व्हायच्या बरीच आधी करा.

जवानाच्या आईवडिलांनाही याच काळजीनं पोखरलेलं असतं, विशेषतः अग्निवीराच्या आईला. वीस वर्षांचं पोर, लग्न झालेलं नाही, सुट्टी वर्षाला तीसच दिवस. सूनबाई असेल तर तिनं आणि सासूनं फोन आळीपाळीनं घ्यावा. निम्मी कुरबूर तेवढ्यानं थांबते.

पायरी ९: हे जवानासाठी

भाऊ, हे तुमच्यासाठी आहे, बायकोनं वाचून दाखवलं तरी चालेल.

घरी अडचण आहे हे कंपनी कमांडरला सांगणं कमीपणाचं नाही. इंटरव्ह्यू, म्हणजे समोर भेटायची वेळ, मागा. सैनिक संमेलनात, म्हणजे सगळ्या जवानांच्या बैठकीत, बोलता येत नसेल तर सीनियर जेसीओ (सुभेदार दर्जाच्या) साहेबांना एकटं गाठून सांगा. जमिनीचा वाद, आजारपण, बायकोचं बाळंतपण यांसाठी युनिट कलेक्टरला पत्र लिहू शकतं, सुट्टी पुढंमागं करू शकतं. पण त्यांना कळलं तर. युनिटचे धर्मगुरू पूजेपुरते नसतात, जवानांची मनं मोकळी करणं हेही त्यांचं काम आहे. डॉक्टर साहेबांकडे फक्त तापासाठी जायचं असतं असं नाही. झोप सलग दोन आठवडे येत नसेल तर तेही दुखणंच.

बडी, म्हणजे तुमच्याबरोबर जोडीला दिलेला जवान, कशासाठी दिलाय? तो गप्प झाला, जेवण टाकू लागला, घरचा फोन आल्यावर एकटा कोपऱ्यात बसू लागला, स्वतःच्या वस्तू वाटू लागला, "माझ्यानंतर" अशी भाषा करू लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच घडीला वरिष्ठांना सांगा. ही चुगली नाही. तो मागून रागावला तरी चालेल.

घरी रोज "सब बढिया" म्हणू नका. "आज थंडी फार होती, कंटाळा आला" एवढं सांगितलं तरी बायकोला वाटतं की माणूस आपल्याशी बोलतोय.

पायरी १०: बाहेरची मदत केव्हा घ्यायची

उदासपणा येतो आणि जातो, ते ठीक. पण दोन आठवडे सलग झोप नाही, अन्नावर वासना नाही, मुलांना हात लावावासा वाटत नाही, छातीत धडधडून घाम फुटतो, विनाकारण संशय येत राहतो, दारू वाढली आहे, किंवा जगून काय करायचं असे विचार येतात, यातलं काहीही असेल तर थांबू नका. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत तर विशेष लक्ष द्या. नवरा फील्डला आणि मांडीवर महिन्याचं बाळ ही फार अवघड वेळ असते.

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा खास कक्ष उघडला. नंबर लावला की पहिल्यांदा काय बोलावं सुचत नाही. एवढंच म्हणा: "माझे मिस्टर आर्मीत आहेत, बाहेर आहेत, मला झोप लागत नाही." पुढचं ते विचारतात.

समोरासमोर दाखवायचं तर पुणे, खडकी, देवळाली, नगर, कामठी इथं मिलिटरी हॉस्पिटलं आहेत, मुंबईत नौदलाचं अश्विनी आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना बेळगाव जवळ. डिपेंडंट कार्ड सोबत न्या. ते लांब पडत असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, तिथं जा. गोळ्या सुरू केल्या तर मनानं बंद करू नका. आणि जिवाला धोका वाटत असेल तर त्या माणसाला एकटं न ठेवता ११२ ला फोन करा.

"गावात कळलं तर?" हा प्रश्न मला प्रत्येक मुलगी विचारते. गावाला सांगायची गरज नाही. घरात एका माणसाला सांगा, तेवढं पुरतं.

पायरी ११: ते परत आल्यावर

येण्याची वाट बघून डोळे थकलेले असतात, आणि आल्यावर चौथ्या दिवशी वाद होतो. कारण तुम्ही इतके महिने घर एका हातानं चालवलंय आणि ते रोज हुकूम पाळत किंवा देत आलेत. घराची नवी घडी त्यांना माहीत नसते. गॅसची पावती कुठं असते हे विचारावं लागलं तरी त्यांना पाहुण्यासारखं वाटतं.

पहिले तीन-चार दिवस त्यांना झोपू द्या. सत्यनारायण, ज्योतिबा, आत्या, मावशी, मित्राच्या मुलाचं बारसं, सगळं पहिल्याच आठवड्यात कोंबू नका. लहान मूल ओळखणार नाही, आईच्या मागं लपेल. त्यांनी ओढून कडेवर घेऊ नये. जवळ बसून खेळावं, मूल आपणहून येतं. मोठ्या मुलांना पहिल्याच दिवशी शिस्त लावायला जाऊ नये.

रात्री दचकून उठणं, मोठ्या आवाजाला चिडणं, गर्दीत जीव घाबरा होणं हे काही दिवस चालेल. महिना उलटूनही कमी होत नसेल तर परत जाण्याआधी मिलिटरी हॉस्पिटलला दाखवून घ्या. नवराबायकोनंही एकमेकांना वेळ द्यावा. इतक्या महिन्यांनी शरीरं लगेच ओळख देत नाहीत, त्यात कुणाचा दोष नसतो.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे एकदोन कामं पूर्ण सोपवा, मुलाला शाळेत सोडणं किंवा दूध आणणं, आणि त्यात सूचना देऊ नका. कारभार मात्र सगळा परत हातात देऊन टाकू नका. ते गेल्यावर तो पुन्हा घ्यायचाच आहे.

पुढच्या सुट्टीचं बोलणं याच सुट्टीत करा. ६० दिवस एकदम घ्यायचे की तुकडे करायचे? घरात दहावी असेल तर फेब्रुवारी-मार्चमधले पंधरा दिवस, बाळंतपण असेल तर तारखेच्या मागंपुढं एक महिना, पेरणीला माणूस मिळत नसेल तर जूनचा पहिला पंधरवडा. कॅज्युअलमधले दहा दिवस अचानक येणाऱ्या दुखण्याखुपण्यासाठी शिल्लक ठेवायला सांगा. युनिटमध्ये सगळ्यांना एकाच वेळी सोडत नाहीत, गणपती-दिवाळीला तर ओढाताण असतेच. म्हणून सुट्टीची मागणी त्यांनी परत गेल्या गेल्या कंपनीत लिहून द्यावी.